चौथी भिंगरी

एक

थोरल्याचं डोकं गाडीच्या जबड्यात होतं आणि उरलेला थोरला बाहेर, फरशीवर गुडघे घासत लोंबत होता. सकाळी शेड झाडायला आलेली बाई ते बघून दारातच ओकली. फौजदारबाईंनी तिला पाणी पाजलं, बाहेर बाकावर बसवलं आणि हवालदारांना सांगितलं, "उचला ते."

ते म्हणजे गाडीचं नाक. नुसतं बॉनेट नव्हे. पहिल्या भिंगरीचे दोन्ही दिवे, दोन्ही मडगार्ड आणि मधलं झाकण असं अख्खं थोबाड एकाच तुकड्यात होतं. बिजागरी काचेपाशी, त्यामुळे ते समोरून वर उघडायचं. ते धूड थोरल्याच्या मानेवर आदळलं होतं. मान म्हणावी असं तिथे फारसं काही उरलं नव्हतं, आणि रक्त इंजिनावरून ओघळून खाली जमिनीवर काळं पडलं होतं.

भिंगरी म्हणजे दोन माणसांची, बिनछपराची, बुटकी गाडी. साध्या पगारदाराला परवडावी आणि तरी रस्त्यावरच्या माना वळाव्यात अशी. इंजिन, गिअर, चाकं सगळं याच कारखान्याच्या घरगुती गाडीतून उचललेलं. वरचं अंगडं तेवढं नवं. कारखाना तीन भावंडांचा. थोरली आक्का, खरेदी आणि कामगार तिच्या ताब्यात. मधला, म्हणजे दोघा भावांतला थोरला, यंत्राचा माणूस. धाकटा गाडीचं रूप काढायचा. थोरल्याला भिंगरी रस्ता धरणारी हवी होती, धाकट्याला देखणी आणि आक्काला स्वस्त. या भांडणात तिघांचं तारुण्य गेलं आणि भिंगरीच्या तीन पिढ्या निघाल्या. चौथी आता बाजारात यायची होती. चारही जणी शेडमध्ये ओळीने उभ्या होत्या, लख्ख पुसलेल्या.

"टेकण निसटलं, नाक पडलं. अपघात," हवालदार म्हणाला. त्याला घरी जायची घाई होती.

डॉक्टरांनी थोरल्याचं डोकं हळूच वळवलं. मागच्या बाजूला कवटीत तीन गोल खळगे होते, आत हाडाचे तुकडे रुतलेले.

"हातोडा," डॉक्टर म्हणाले. "नाक पडलं तेव्हा हा आधीच मेलेला होता. आणि ओठ फुटलाय, पुढचा दात पडलाय, ते त्याच्याही आधीचं. त्या जखमेतून बराच वेळ रक्त वाहिलंय."

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. फाटकातून धाकटा आत येत होता. शर्टाच्या बाहीवर वाळलेलं रक्त, दाढी वाढलेली, दोन्ही हात पुढे धरलेले.

"बेड्या घाला," तो म्हणाला. "मी मारलं माझ्या भावाला."

दोन

ठाण्यातले मोठे साहेब जाम खूश झाले. कबुली आयती चालत आली की त्यांना भूक लागते. ते जेवायला गेले आणि फौजदारबाई धाकट्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"बोल. पहिल्यापासून."

पहिलं म्हणजे चाचणीवाल्याचं मरण. चौथ्या भिंगरीचे दोन नमुने तयार होते. त्यातला एक घेऊन चाचणीवाला गेल्या आठवड्यात घाटाच्या वळणावर गेला आणि गाडी उलटली. पेटली. तो आत जिवंत होता तेव्हाही पेटलेलीच होती. प्रेत काल कुठे ताब्यात मिळालं, त्याला निरोप देऊन सगळे परतले. कारखाना बंद होता.

"संध्याकाळी थोरल्याने मला शेडमध्ये बोलावलं," धाकटा म्हणाला. "म्हणाला, तुझ्या त्या देखण्या शेपटीपायी पोरगा जळला. मागची चाकं बाहेर सरकव म्हणून मी ओरडत होतो, तुला रेषा बिघडायला नको होती. बाई, मी आठवडाभर झोपलो नव्हतो. माझ्या मनात तेच चाललं होतं. आणि तो ते तोंडावर बोलला."

"मग?"

"ठोसा मारला. तोंडावर. तो मागे कोलमडला, डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. रक्त... उठेना. हाक मारली तरी उठेना. मी पळालो."

"आणि हातोडा कुठे टाकलास?"

"कसला हातोडा?"

बाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. खोटं बोलणारी माणसं त्यांनी ढिगाने पाहिली होती. हा खोटं बोलत नव्हता, नुसता गोंधळला होता. त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना शेंडे नव्हते.

"हे काय?"

"पहिल्या भिंगरीने खाल्ली. नाक उघडून आत हात घातला होता, टेकण सुटलं. थोरल्यानेच मला खांद्यावर टाकून नेलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः लाकडाचा एक टेकू तासला. तो लावल्याशिवाय त्या नाकाखाली कोणी डोकं घालायचं नाही, हा त्याचा नियम. कोणी विसरलं तर कानफटात द्यायचा. मलाही दिलीय." धाकटा हसायला गेला आणि त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला.

दार धाडकन उघडलं. पत्रेवाला आत घुसला. चाचणीवाल्याचा सख्खा भाऊ, हातोडीने पत्रा ठोकून ठोकून मनगटं जाड झालेला. त्याने धाकट्याची मानगूट धरली आणि त्याचं तोंड भिंतीवर आपटलं. परत आपटलं. दोन हवालदार अंगावर लोंबकळले तेव्हा कुठे तो सुटला.

"माझा भाऊ खाल्लास, आता स्वतःचाही खाल्लास!" तो ओरडत होता.

"तुझा हातोडा कुठेय रे?" बाईंनी शांतपणे विचारलं.

पत्रेवाल्याचा आवाज बसला. "हरवलाय."

हवालदाराने तो तासाभराने शोधून आणला. पत्र्याच्या भंगारात, खाली दडवलेला. त्याच्या गोल तोंडाला केस चिकटले होते.

तीन

आक्का कचेरीत ताठ बसून होती. डोळे कोरडे, दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवलेले.

"बाई, मला दोन भाऊ होते," ती म्हणाली. "एक गेला. दुसऱ्याला तुम्ही फासावर देणार. त्याने केलं असेल तर द्या, मी आडवी येणार नाही. पण नीट बघून द्या. उगाच दिलात तर मी एकटी उरेन."

"तुम्हाला वाटतं त्याने केलं?"

आक्काने खिडकीबाहेर शेडकडे पाहिलं. तिचा नवरा, ज्याला सगळा कारखाना दाजी म्हणायचा, तिच्या खुर्चीमागे उभा होता. विक्रीचं खातं त्याचं. गोड बोलणारा, गुळगुळीत दाढीचा, गिऱ्हाइकाला बसायच्या आधी पाणी विचारणारा.

"तिला काय विचारता, मला विचारा," दाजी म्हणाला. "मी बघितलंय. सांगायचं नव्हतं, घरची गोष्ट. पण लपवून तरी कुठवर लपवणार?"

आक्काने चमकून मान वळवली. "काय बघितलंत तुम्ही?"

"अंगणातून चाललो होतो. दिवेलागणीची वेळ. शेडच्या काचेतून आत दिसलं. थोरल्याचं तोंड रक्ताने माखलेलं. तो पहिल्या भिंगरीकडे गेला, मूठ ओढून दार उघडलं, बसायला गेला." दाजीने हवेत मूठ ओढून दाखवली. "तेवढ्यात धाकटा मागून हातोडा घेऊन आला. मला पुढचं बघवेना. मी तसाच घरी गेलो. भित्रा आहे मी, बाई. शरम वाटते."

आक्काने डोळे मिटले.

मोठ्या साहेबांना हे कळलं तेव्हा ते ढेकर देत म्हणाले, "कबुली आहे, साक्षीदार आहे, हत्यार आहे. आणखी काय हवंय? उद्या सकाळी कोर्टात उभा करा." बाहेर फाटकावर कामगार धाकट्याच्या घराच्या काचा फोडून आले होते आणि आता पोलीस ठाण्यावर चालून जायचं म्हणत होते. त्यांना कोर्टाचीही गरज वाटत नव्हती.

चार

फौजदारबाई रागावल्या की चालतात. त्या चालत परत शेडमध्ये आल्या.

काहीतरी चुकत होतं. धाकट्याने मारलं असेल तर हातोडा त्याला आठवत कसा नाही? आणि पत्रेवाल्याने मारलं असेल तर स्वतःच्याच हातोड्याने मारून तो स्वतःच्याच भंगारात कोण ठेवील? एवढा बावळट माणूस पत्रा ठोकतानाही स्वतःचं बोट ठोकेल.

त्यांनी पहिल्या भिंगरीभोवती फेरी मारली. भिंतीवर खिळ्याला एक लाकडी दांडका टांगला होता, मधोमध हात लागून लागून गुळगुळीत झालेला. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

टेकू.

खुनी माणसाला अपघात दाखवायचा होता. म्हणून त्याने प्रेत नाकाखाली घातलं आणि नाक सोडून दिलं. पण या शेडमधला माणूस टेकूशिवाय त्या नाकाखाली जायचाच नाही. थोरला तर नाहीच, नियमच त्याचा. तेव्हा ज्याला हा अपघात खरा वाटायला हवा होता, त्याने टेकू काढून प्रेताच्या पायाशी टाकला असता, निसटल्यासारखा. बोटं गमावलेला धाकटा हे विसरला नसता. पत्रेवालाही विसरला नसता. टेकू खिळ्यावरच ठेवणारा माणूस शेडमध्ये कामाला हात न लावणारा होता.

म्हणजे कचेरीतला. आक्का, नाहीतर दाजी.

आक्काचे मांडीखाली दाबलेले हात त्यांना आठवले. ती दुःख दाबत होती की आणखी काही?

दाजीने सांगितलेलं त्यांनी पायांनी करून पाहिलं. अंगणाकडची काच इथे. थोरला असा आला. पहिल्या भिंगरीपाशी थांबला. दार उघडायला हात पुढे केला. बाईंनीही हात पुढे केला आणि दाराच्या पत्र्यावरून तो फिरवला, वरून खाली, मग मागून पुढे.

त्या वाकल्या. दुसऱ्या बाजूला जाऊन तिथलंही दार पाहिलं. मग दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराला म्हणाल्या, "आक्कांना बोलावून आण. एकट्या येऊ देत."

पाच

आक्का आली तेव्हा फौजदारबाई चौथ्या भिंगरीखाली उताण्या झोपल्या होत्या; नुसते बूट बाहेर.

"इथली फरशी धुतलीय," खालून आवाज आला. "बाकी सगळीकडे तेलाचे डाग आहेत आणि या मागच्या चाकाशी लख्ख. थोरल्यांना इथे मारलं आणि ओढत तिकडे नेलं. पण ते इथे काय बघत होते? मला यातलं ओ की ठो कळत नाही. या खाली."

आक्का कसलाही विचार न करता जमिनीवर आडवी झाली आणि सरपटत आत आली.

"सांगा मला. लहान मुलाला सांगाल तसं."

"मागच्या चाकांचे दांडे मधोमध सांध्याने जोडलेत," आक्का म्हणाली. तिचा आवाज कामाचा झाला. "घरगुती गाडीचेच घेतले, स्वस्त पडतात म्हणून. मीच हट्ट धरला. पण वेगात वळताना घाबरून पाय उचलला की गाडीची शेपूट वर येते, बाहेरचं चाक आत मुडपतं, पाय मुरगळतो ना तसं, आणि गाडी उलटते. पहिल्या तिन्हींत ही खोड होती. थोरला त्यापायी वेडा झाला होता. शेवटी त्याला सापडलं. हे आडवे कमानपाटे, म्हणजे गाडीचे स्प्रिंग, आहेत ना, ते आधी सगळेच्या सगळे दांड्यांमधल्या या पेटीला आवळलेले असायचे. त्याने एकच पाटा आवळला आणि बाकीचे मोकळे डुलू दिले. मग चाक मुडपत नाही. त्यासाठी पेटी नवी ओतावी लागते. मी मंजूर केली. चौथीचं सगळं मोल त्यातच आहे, बाई. बाकी नुसता रंग."

"मग हे डुलतंय का?"

आक्काने हात वर केला. पाट्यांना धरून हलवलं. पुन्हा हलवलं, दोन्ही हातांनी, दात आवळून. पाटे तसूभर हलले नाहीत.

"ही जुनी पेटी आहे," ती म्हणाली.

तिचे हात पाट्यांवरून खाली आले.

"तो पोरगा अशाच गाडीत..." आक्काला वाक्य पुरं करवेना. "थोरला तापाने महिनाभर घरी होता. जोडणी तेव्हाच झाली. कोणी बसवली ही?"

"तुम्ही यायच्या आधीच मी जोडणीवाल्यांना विचारलं; तुम्हाला हे ठाऊक होतं का, तेवढं बघायचं होतं. ते म्हणाले, आक्कांचा हुकूम होता. नव्या पेट्यांना उशीर लागतोय, पहिली खेप जुन्यावरच काढा, कोणाला कळतंय. तुमचा काटकसरीचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोणी उलटून विचारलं नाही."

"मी असा हुकूम दिलेला नाही!"

"नाही दिलात. पण तुमच्या नावाने तो कोणी आणला, तेही त्यांनी सांगितलं."

आक्काचा श्वास गाडीच्या पोटाखाली मोठ्याने ऐकू येत होता. तिला नाव सांगावं लागलं नाही.

"खोटं आहे," ती म्हणाली. "पेटीचं खरं असेल. खुनाचं खोटं आहे. माझा नवरा कोंबडं कापलेलं बघू शकत नाही."

"ठीक आहे. त्यांना बोलावू आणि एकच गोष्ट करायला सांगू. केली, तर मी तुमची माफी मागेन."

सहा

दाजी आला तो हात जोडतच. फौजदारबाईंनी त्याला काचेपाशी उभं केलं.

"साक्ष पक्की करायचीय. थोरल्यांनी काय केलं ते तुम्ही करून दाखवा. तुम्ही थोरले."

"अहो, नको हे. हिच्यासमोर कशाला?"

"करा," आक्का म्हणाली.

दाजीने खांदे उडवले. "असा आला तो. डुलत डुलत." तो बोलत बोलत पहिल्या भिंगरीशी गेला, बाईंकडे बघत राहिला आणि सवयीने हात मागे नेऊन दाराची मूठ धरायला गेला.

हाताला नुसता पत्रा लागला. बोटं चाचपत खाली गेली, मागे गेली. मग त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा गोडवा पार उतरला.

"पहिलीला बाहेरून मूठ नाही," आक्का म्हणाली. ती हळू बोलत होती, पण शेडमध्ये दुसरा आवाज नव्हता. "काचाही नव्हत्या, म्हणून वरून आत हात घालायचा आणि दोरी ओढायची. मागे सामान ठेवायला झाकणसुद्धा नाही, सीट पाडून ठेवायचं. धाकट्याने सगळं काढलं होतं चित्रात. खर्च वाचवायला मी खोडलं. झाकण दुसरीला दिलं, मुठी आणि काचा तिसरीला. पण जाहिरातीचं चित्र आधीच छापून झालं होतं, त्यात मूठ तशीच राहिली. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा दुसरी निघाली होती. पहिली तुम्ही चित्रातच बघितलीत. तुमच्या विक्रीच्या दालनात अजून लावलंय ते चित्र."

"घाईत... अंधार होता, नीट दिसलं नसेल..."

"न दिसलेली मूठ ओढताना मात्र दिसली," फौजदारबाई म्हणाल्या. "तुम्ही काचेबाहेर नव्हतात. आत होतात, आणि गाडीकडे बघायला तुम्हाला फुरसत नव्हती. प्रेत जड असतं. थोरल्यांना पेटी सापडली, हो ना? ते चौथी थांबवणार होते, आणि पोरगा कशाने मेला तेही सांगणार होते."

दाजी रडायला लागेल असं बाईंना वाटलं. त्यांचा अंदाज साफ चुकला. तो सरळ त्यांच्या अंगावर आला. त्याचं कपाळ बाईंच्या नाकावर आदळलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि पुढच्या क्षणी त्या पहिल्या भिंगरीच्या दारावर मागे वाकल्या होत्या, दोन्ही अंगठे त्यांच्या घशात रुतत होते. ते हात मऊ होते, पण सोडत नव्हते. हवालदार फाटकाशी जमाव अडवत होता. बाईंनी गुडघा मारला, नखांनी त्याचा गाल फाडला. त्याने त्यांचं डोकं पत्र्यावर आपटलं. छपराचे खांब धूसर व्हायला लागले.

मग कडाड्कन आवाज झाला आणि एक हात सुटला.

आक्काने टेकू खिळ्यावरून काढला होता. तिने तो दुसऱ्यांदा दाजीच्या खांद्यावर घातला आणि त्याचं हाड मोडल्याचं तिघांनाही ऐकू आलं. तो खाली बसला. तिसरा घाव तिने पाठीत घातला. चौथा डोक्याच्या नेमावर उचलला तेव्हा बाईंनी रक्ताळल्या तोंडाने तिच्या कमरेला मिठी मारली.

"पुरे! आक्का, पुरे! धाकट्याला सोडवायला हा जिवंत लागेल!"

टेकू हवेत तसाच राहिला. मग तिने तो टाकला आणि नवऱ्यासमोर उकिडवी बसली.

"माझं नाव सांगितलंत," ती म्हणाली. "पोराला माझ्या नावाने जाळलंत."

सात

दाजीने दवाखान्यात, खाटेला बांधलेल्या अवस्थेत, सगळं सांगितलं. विक्रेत्यांना त्याने तारखेचा शब्द दिला होता आणि तो मोडला असता तर त्याची पत गेली असती. एवढ्यासाठी दोन माणसं मेली. फौजदारबाईंनी ते लिहून घेतलं तेव्हा त्यांना त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकल्या नाहीत, पण वाटलं जरूर.

पोलीस ठाण्यात धाकटा कोठडीच्या कोपऱ्यात बसला होता. पत्रेवाल्याने फोडलेला चेहरा सुजून निळा झाला होता. आक्का दाराशी उभी राहिली. आत जायची तिची हिंमत होईना.

"चल," फौजदारबाई म्हणाल्या. त्यांच्याही नाकावर पट्टी होती. "तू कोणाला मारलेलं नाहीस."

"ठोसा मी मारला होता."

"मारलास. पण त्याने तो मेला नाही. तू गेल्यावर तो उठला, तोंड धुतलं आणि तडक चौथीच्या खाली शिरला. तुझ्या शेपटीवर खापर फोडलं ते त्यालाच पटेना. तिथे त्याला जुनी पेटी सापडली. चूक तुझी नव्हती हे त्याला कळलं होतं."

धाकट्याने सुजलेलं तोंड वर केलं. "नक्की उठला होता?"

"दाजी आत आला तेव्हा तो गाडीखालून बाहेर येत होता. दाजीने विचारलं, तोंडाला काय झालं."

"मग?"

फौजदारबाईंनी आक्काकडे पाहिलं. आक्काने सांगा म्हणून मान डोलावली.

"हसला," बाई म्हणाल्या. "म्हणाला, धाकट्याचा हात चांगलाच जड झालाय."

धाकट्याने तो हात उचलून स्वतःच्या तोंडावर दाबला आणि मोठ्याने रडायला लागला. आक्का आत गेली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.